मेसाजी

रामकुंडाच्या वरच्या आळीत, दुपारी साडेतीनला,
गायधनी गुरुजींनी लाल बासन सोडलं.
गाव? आडनाव?
वडनेर भैरव. निखाडे.
माझ्या मांडीवर आईचा कलश, तोंडाला सुती फडकं.

सापडले सगळे.
रावजी, त्याचा धोंडजी, त्याचा मेसाजी,
मग दोन ओळी वाळवीनं खाल्लेल्या,
मग पुन्हा एक मेसाजी, आजोबांचे चुलते.
हे काय नाव झालं, गुरुजी?
ते हसले. "येसाजी होतं मुळात.
माझ्या खापरपणज्यानं जुनी वही उतरवली,
दिवा मंद असेल, डोळा लागला असेल.
पुढच्यांनी वहीत बघून पोराचं नाव ठेवलं."
चूक रांगायला लागली,
तिनं लग्न केलं, विहीर खणली.

"निफाडकडचे एक निखाडे आहेत.
आम्ही त्यांच्यातले नाही म्हणून भांडत आले.
त्यांच्या पानावरही मेसाजी!
बरोबर नाव दोन घरांत असू शकतं, बाई.
चूक एकच असेल तर घर एक."

हे वाक्य शिकायला मला सहा वर्षं लागली होती
आणि सरकारी शिष्यवृत्ती.
माझं काम द्राक्षांचं.
पिंपळगाव, दिंडोरीच्या बागांतून पानं येतात बर्फात,
आम्ही कुटतो, गाळतो, अक्षरं वाचतो.
खाली पुलापाशी पाटीभर विकतात ती बिनबियांची,
त्यांच्या वहीतही कधीतरी
एका जागी एक अक्षर बदललं.
बी धरायला लागतं आणि मध्येच राहून जातं.
दाताला जेमतेम जाणवते ती कणी
म्हणजे अर्ध्यावर सोडलेली ओळ.
तरी वंश चालू आहे,
काडीवरून काडी, डॉगरिजच्या खुंटावर,
तारेला बांधलेला.

"आणि या मातोश्री?"
गुरुजींनी ओळीच्या शेवटी लिहिलं:
यांची स्त्री.

बीज पुरुषाचं, क्षेत्र बाईचं, असं मांडतात ना.
पण गुरुजी, पेशीपेशीत चुली असतात,
त्यांची वेगळी, छोटी वही,
साडेसोळा हजारांच्या वर थोडी अक्षरं,
आणि ती येते आईकडूनच.
आधी वाटायचं, बापाची वही अंड्यात शिरते
आणि तिथं तिचे तुकडे होतात.
आता दिसतंय, तो निघतानाच ती मागे टाकून येतो.
लांब पोहायचं असतं, ओझं कोण वाहणार.

हे मी मोठ्यानं बोलले नाही.

आणखी एक नाही बोलले.
माझ्या आधी एक भाऊ होता, नऊ दिवसांचा.
बारसं झालं नाही, म्हणून वहीत नाही.
पोटात वाढलेल्या लेकराच्या थोड्या पेशी
आईच्या अंगात राहून जातात, वर्षानुवर्षं,
बायकांच्या मेंदूतसुद्धा सापडल्यात.
आईच्या होत्या का, आता कोण तपासणार.
मला हाक मारण्याआधी ती
किंचित अडखळायची, एवढं खरं.

म्हटलं, नाव लिहा.
आईचं, तिच्या आईचं, तिच्याही आईचं.
"रकाना नाही हो."
समासात लिहा.
त्यांनी दाराकडे पाहिलं, वही आडवी केली,
कडेनं उभं लिहीत गेले:
द्वारका. तिची साळू. तिची हौसा.
द्वारकेची आई?
मला माहीत नव्हतं.
वर जागा सोडा, म्हटलं.

शाईवर फुंकर घालताना दिसलं,
एक मात्रा गळलीय.
होसा.

"काही चुकलं का?"
खाली कुणीतरी टॉवेल पिळत होतं,
पायऱ्यांवर पाण्याचा सपका.
नाही, म्हटलं. असू दे तसंच.

बासनाची गाठ त्यांनी दोनदा मारली.